वेताच्या हलक्या काड्या

आमच्या देऊळघाटच्या बँड पार्टीत एक रीत आहे. ती कोणी घालून दिली ते कोणालाच माहीत नाही, पण मोडायची हिंमतही आजवर कोणी केलेली नव्हती. भर वरातीत पुढच्या ताशेवाल्याच्या हातून काडी खाली पडली, की त्याने त्याच दिवशी ताशा गळ्यातून काढायचा आणि मागच्या रांगेत जाऊन खुळखुळा हातात घ्यायचा. खुळखुळा वाजवणाऱ्याकडे वरातीत कोणी बघत नाही. नाचणाऱ्यांना तो ऐकू येत नाही, आणि बँडवाल्यांनाही तो चुकला तरच ऐकू येतो. माझ्या सासऱ्यांच्या हातून काडी पडली तेव्हा मी घरात नवी सून होते. ते त्या रात्री जेवले नाहीत, एवढं मला आठवतं.

सासऱ्यांनंतर पुढची जागा माझ्या नवऱ्याकडे आली. ह्यांचं वाजवणं म्हणजे लोहाराने घण मारावा तसं. खांद्यापासून हात उचलायचा आणि पानावर, म्हणजे ताशाच्या वरच्या कातडीवर, असा आणायचा की घोड्यानेही कान टवकारावेत. काड्याही तशाच, जाड आणि जड. हलक्या काडीने वाजवणाऱ्याला हे माणसात धरत नसत. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, पोरांना थाळी वाजवून गाणी शिकवते, तर मला म्हणायचे, तुझ्या पोरांना दे त्या हलक्या काड्या. मीही काही ऐकून घेणारी नाही. मी म्हणायचे, माझी पोरं निदान तालात तरी वाजवतात.

पोळ्याच्या आसपास एका सकाळी ह्यांच्या डाव्या हातातून चहाची बशी निसटली. मी चिडून काहीतरी बोलले आणि वळून बघते तर हे आपल्याच हाताकडे परक्यासारखं बघत बसलेले. बुलढाण्याला नेलं. लकव्याचा हलका झटका आहे, वेळेवर आणलं, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं ठीक राहिलं, पायही सुधारला. डावा हात मात्र अर्ध्यातच थांबला. मूठ वळायची, पण वळलेली राहायची नाही. धरलेली वस्तू केव्हा सुटेल याचा नेम नसायचा, आणि सुटायच्या आधी ह्यांना स्वतःलाही कळायचं नाही. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला आणि घाई करू नका म्हणून सांगितलं. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू होतात, हे त्यांना सांगून काय उपयोग होता?

पार्टीचे मालक म्हणजे माझे चुलत सासरे. क्लॅरिनेट तेच वाजवतात. ते भेटायला आले तेव्हा ह्यांनी डावा हात पांघरुणाखाली घेतला आणि उजव्या हाताने त्यांना पाणी दिलं. सीजनपर्यंत हात तयार होईल ना, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, झालाच आहे. मी दारात उभी होते. ते खोटं होतं हे मला माहीत होतं, पण मीही मान हलवली.

मग सुरू झाली ती हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची तऱ्हा. ह्यांच्या लहानपणी उस्तादांनी शिकवलं होतं म्हणे, की जड काडीने सराव केला की हात लोखंडाचा होतो. म्हणून ह्यांनी परसात ट्रकचा जुना टायर टाकला आणि त्यावर आपल्या नेहमीच्या काड्यांपेक्षाही जड काड्या घेऊन बसू लागले. सकाळी मी चुलीशी आणि हे टायरपाशी. उजवा हात पडायचा त्याचा आवाज भरीव, डाव्याचा पोकळ. थोडा वेळ जोडी जमायची, आणि मग मध्येच डाव्याची जागा रिकामी. पाठोपाठ काडी फरशीवर पडल्याचा आवाज. भाकरी थापताना माझा हात तिथे थांबायचा. हे काडी उचलून पुन्हा सुरू करेपर्यंत तव्यावरची भाकरी करपलेली असायची.

आमच्या आणि धाकट्या दिराच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. दीर पार्टीत दुसरा ताशा वाजवतो, ह्यांच्या खांद्याला खांदा लावून. ह्यांच्यानंतर पुढची जागा त्याचीच. त्याला दोन लेकरं आहेत, हाताला जोर आहे, आणि वाजवतोही ह्यांच्यासारखाच, खांद्यापासून. भिंतीपलीकडे त्याला सगळं ऐकू जात असणार. काडी पडल्याचा आवाज काही लपत नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघून काही कळतं का ते शोधायचे. तो यायचा, भावाची तब्येत विचारायचा, मला गिरणीतून दळण आणून द्यायचा, आणि हाताबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मला वाटायचं, हा वाट बघतोय. चांगलं वागून वाट बघणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो, आणि तो राग मी त्याच्या चहात साखर कमी घालून काढायचे.

हात सुधारायच्या ऐवजी बिघडत चालला. संध्याकाळी मनगट सुजायचं. मी गरम पाण्याने शेकायचे तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. एकदा मी बोलले. म्हटलं, टायर बडवून हात नाही यायचा, हलक्या काड्या घेऊन बघा. तर ह्यांनी चेंडू भिंतीवर फेकून मारला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी माझ्या घरात बघत होते. पण मला रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. हात नाही सुधारला तर हा माणूस घरात बसून काय करेल, आणि माझ्याशी कसा वागेल, हे मला दिसत होतं.

शेवटी मीच बुलढाण्याला गेले. बाजारात एक दुकान आहे, पिढ्यान्‌पिढ्या ताशे आणि ढोल मढवणाऱ्यांचं. गल्ल्यावर बसलेल्या चाच्यांनी मी हलक्या काड्या मागितल्यावर विचारलं, "बच्चे के लिए होना क्या?" मी हो म्हटलं. खरं सांगायला तोंड उघडेना. त्यांनी शाळेच्या बँडच्या आखूड काड्या पुढे टाकल्या. मी त्या बाजूला सारल्या आणि पुऱ्या लांबीच्या मागितल्या, तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि सगळा खोका माझ्यापुढे ओतला.

मला काड्यांतलं काय कळत होतं? वाजवलेलं ऐकलं होतं तेवढंच. मी एकेक काडी बोटांत सैल धरून काउंटरवर सोडून बघू लागले. पांढऱ्या फायबरच्या दिसायला बारीक होत्या, पण काउंटरवर आपटल्या की त्यांचा झटका थेट मनगटात यायचा. सागाची काडी आपटून तिथेच आडवी व्हायची. बांबूची हलकी होती, पण तिचं वजन टोकाला होतं, त्यामुळे ती उचलताना हाताला ओढ बसत होती. मग वेताची एक हाताला लागली. ती सोडली तर उसळून आपोआप वर आली. मी फक्त बोटं भोवती ठेवली होती, उचललं तिनेच. मी पुन्हा सोडली. पुन्हा वर आली. दुकानात मी एकटीच बाई, आणि काउंटरवर काडी टाकत बसलेली, पण मला तेव्हा कोणाचीच लाज वाटली नाही.

मी वेताच्या तयार काड्या घेतल्याच नाहीत, ह्यांच्या मुठीच्या मापाने करता याव्यात म्हणून न तासलेला लांब वेत घेतला. घरी येऊन काचेच्या तुकड्याने तो खरवडायला बसले. टोक बारीक करायचं, मूठ भरलेली ठेवायची, म्हणजे वजन तळहातात राहतं. पहिली जोडी मी फारच बारीक केली, ती वाकली. दुसरीला पीळ होता. तिसरी जमली. मुठीपाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचा मोह झाला होता, पण तेवढंही वजन नको म्हणून वेताला तिथे नुसत्या आडव्या रेघा पाडल्या.

काड्या मी ह्यांच्या पुढ्यात ठेवल्या. हे बघून न बघितल्यासारखं करू लागले. म्हणाले, ह्या तर उदबत्त्या हाएत. मी त्या दिवशी सोडणार नव्हते.

"तुमचा हात पयले कसा होता ते मले नका सांगू," मी म्हटलं. "आता कसा हाए त्याच्यासाठी ह्या केल्या मी. त्या हातानं वाजवाचं असीन तर घ्या, नाही तर देते चुलीत घालून."

ह्यांनी इतका वेळ माझ्याकडे बघितलं, की मला वाटलं आता उठून बाहेर जातील. गेले नाहीत. काड्या उचलल्या आणि सवयीने खांद्यापासून मारल्या. दोन्ही काड्या उसळून वेड्यावाकड्या उडाल्या, एक शेळीच्या पाठीवर पडली. मी हसले नाही, आणि मला त्याचं अजून नवल वाटतं.

हलकी काडी म्हणजे जुनंच वाजवणं कमी कष्टात, असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं. तसं नव्हतं. ह्या काडीला मारलेलं चालत नव्हतं. तिला सोडावं लागायचं आणि ती परत येईल यावर विश्वास ठेवावा लागायचा. घट्ट धरली की ती मुकी व्हायची. ज्या माणसाने जन्मभर मूठ आवळून वाजवलं, त्याला बोटं ढिली ठेवायला सांगणं म्हणजे चालणाऱ्याला तरंगायला सांगणं. हे घामाघूम व्हायचे, शिव्या घालायचे, कोणाला ते कळायचं नाही. पण हळूहळू पानाच्या मधोमध मारणं सुटलं आणि हात काठाकडे सरकला. तिथे आवाज बारीक यायचा पण ठोक्यांचे दाणे मोकळे पडायचे. मी ऐकत असायचे. काडी पडल्याचा आवाज कमी होत गेला. पूर्ण थांबला मात्र नाही. दिवसातून एखाद्या वेळी तरी यायचाच, आणि कधी येईल ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

सीजनची पहिली मोठी वरात नेमकी माझ्या माहेरच्या बाजूला निघाली, बीबी गावाच्या पुढे. लग्न माझ्या मामेबहिणीच्या मुलीचं. पार्टीच्या गाडीत बाया जात नाहीत, पण मला आवतण होतं, म्हणून मी पुढे बसून गेले. हे माझ्या शेजारी होते. डावा हात जॅकेटच्या खिशात होता आणि खिशात चेंडू दाबला जात होता. मागे दीर ढोलाला टेकून बसला होता. त्याच्या पट्ट्यात त्याच्या जाड काड्या खोचलेल्या होत्या, आणि एक जास्तीची जोडीही. ती जास्तीची जोडी कशासाठी, असा प्रश्न माझ्या डोक्यात घुसला तो निघेना.

नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला आणि वरात सुरू झाली. मी बायांमध्ये होते, बँडच्या बाजूबाजूने चालत. माझ्या बहिणी मला नाचायला ओढत होत्या. माझं लक्ष एका डाव्या हाताकडे होतं. ह्यांनी उठाव घेतला, म्हणजे ताशाची पहिली सुरुवात, जिच्यामागून सगळा बँड उचलतो, आणि मला बरं वाटलं. काठावरचा तो बारीक टणत्कार नेहमीसारखा दणदणीत नव्हता. नाचणाऱ्या पोरांतल्या एकाने ओरडून सांगितलंही, की ताशा ऐकू नाही येऊन राह्यला. चुलत सासऱ्यांनी क्लॅरिनेट तोंडात ठेवूनच भुवई उंचावली. दिराने आपल्या ताशाचा जोर वाढवला आणि वेळ निभावली. मला वाटलं, हा पुढे सरकतोय.

वळणावर समोरून दुसरी वरात आली. त्या तिथीला गावोगाव लग्नं होती, त्यात काही नवल नव्हतं. पण रस्ता अरुंद, एका बाजूला नाली आणि दुसऱ्या बाजूला कापसाने भरलेली उभी ट्रॉली. आमच्याकडे अशा वेळी दोन्ही बँड समोरासमोर उभे राहून वाजवतात. ज्याचा ताशा आधी तुटेल, म्हणजे ठोका मोडेल, त्याच्या वरातीने बाजूला व्हायचं. नवरदेवांच्या मामांना ह्यात भलता रस असतो, आणि पोरांना तर विचारूच नका. आमच्याकडच्या लोकांनी गोल केलं, त्यांच्याकडच्यांनीही केलं, आणि मध्ये दोन ताशेवाले राहिले. दीर ह्यांच्या खांद्यामागे, गोलाच्या कडेला माझ्या पुढ्यातच उभा होता. समोरचा पंचविशीतला, दंड मुसळासारखे, हातात पांढऱ्या फायबरच्या काड्या. त्याने पहिलाच हात असा मारला की माझ्या शेजारची म्हातारी कानावर हात ठेवून मागे सरकली.

हे शांत उभे होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की त्याच्यासारखं वाजवू नका. जुना पीळ वर आला आणि ह्यांनी खांदा उचलला, तर सगळं संपलं. एकदा खांदा उचललाही. मग तो खाली आला. ह्यांनी मान तिरकी केली, काड्या काठावर नेल्या आणि बारीक सुरुवात केली. समोरच्याच्या प्रत्येक दणक्याच्या मधल्या फटीत ह्यांचे दाणे पडू लागले. तो थांबला की ते ऐकू यायचे आणि तो वाजवायला लागला की बुडायचे. असं किती वेळ चाललं मला माहीत नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. समोरच्याच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि त्याने घाई सुरू केली होती. लोकांनी ते ओळखलं, आमच्या बाजूने शिट्ट्या सुरू झाल्या.

त्याच वेळी मी ती बोटं उघडताना पाहिली. डाव्या हाताची, एकेक करून, जशी त्या सकाळी चहाच्या बशीवरून उघडली असतील. वेताची काडी ताशाच्या कडेवर आपटून खाली धुळीत गेली.

उजवा हात थांबला नाही. त्यातली काडी इतकी हलकी होती, की एकट्या हाताने ती दुप्पट फिरली आणि ठोका तुटला नाही. पण खाली काडी पडलेली होती आणि चुलत सासरे तिकडेच वळत होते. तेवढ्यात दिराने आपली जाड काडी सोडली. निसटली नाही, सोडली. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते, मी त्याचा पंजा बघितला. त्याने हात पसरून काडी अशी खाली टाकली की ती वाजली, मग तो वाकला, धुळीतून दोन्ही उचलल्या, आणि उठता उठता वेताची ह्यांच्या डाव्या मुठीत कोंबून वरून आपल्या हाताने मूठ दाबली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माही पडली."

समोरचा ताशा त्यानंतर थोड्याच वेळात तुटला. पोरांनी ह्यांना खांद्यावर उचललं. ती वरात ट्रॉलीच्या कडेने मागे सरकली आणि आम्ही मांडवाकडे निघालो. माझी बहीण मला मिठी मारून म्हणाली, काय वाजवतात भाऊजी! मी हसले.

जेवणं झाल्यावर शाळेच्या ओट्यावर पार्टी बसली होती. चुलत सासऱ्यांनी पिशवीतून खुळखुळा काढला आणि दिरापुढे ठेवला. म्हणाले, रीत ती रीत, जोडीच्या ताशालाही तीच लागू. दिराने तो उचलला आणि मांडीवर ठेवला. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बुंदी खात होते, उजव्या हाताने. मी मनात देवाला एकच मागितलं, की हे गप्प बसू देत. मला माहीत होतं कोणाची काडी पडली ते, मला दिराचे उपकारही कळत होते, आणि त्याच्यावर घेतलेल्या संशयाची लाजही वाटत होती. पण ह्यांचे ते सगळे दिवस माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि त्यांच्यापुढे मला दुसरं कोणी दिसत नव्हतं. हे गप्प बसले. मी सुटकेचा श्वास टाकला.

दुपार कलता पाठवणी निघाली. ह्यांनी ताशा गळ्यात घातला, पुढे उभे राहिले आणि उठाव घेतला. आजारानंतर इतकं सुंदर ह्यांनी कधीच वाजवलं नव्हतं. बोटं ढिली, मनगट मोकळं, काड्या आपल्या आपण नाचत होत्या. पाठवणीच्या वेळी बँड फार मोठा लागतही नाही, रडणाऱ्या बायांच्या वर गेला तर वाईट दिसतं. नवरी आईच्या गळ्यात पडली होती. मागच्या रांगेत दीर खुळखुळा हलवत होता.

आणि मध्येच हे थांबले. ढोल एक ठोका पुढे जाऊन अडखळला, क्लॅरिनेटचा सूर तुटला. पाठवणीत बँड मध्येच थांबलेला मी कधी बघितला नव्हता. नवरीनेही मान वर करून बघितलं. हे वळले, रांग ओलांडून मागे गेले, गळ्यातला ताशा काढला आणि दिराच्या गळ्यात घातला. दीर मागे सरत होता, म्हणत होता, भाऊ, लोक पाहून राह्यले. ह्यांनी त्याच्या हातातून खुळखुळा काढून घेतला आणि चुलत सासऱ्यांकडे बघितलं.

"काका, काडी माही पडली होती," हे म्हणाले. "यानं त्याची टाकली."

चुलत सासऱ्यांनी क्लॅरिनेट पुन्हा तोंडाला लावली, कारण नवरीला निघायचं होतं. दीर पुढे आला. जाड काड्या गाडीत राहिल्या होत्या, त्याच्या हातात वेताच्याच होत्या. त्याने सवयीने खांद्यापासून मारलं आणि त्या त्याच्या हातात उधळल्या. मागून ह्यांचा आवाज आला, "मारू नोको बे. सोड तिले." दिराचे डोळे भरलेले होते. दुसऱ्या फेरीला ठोका थोडा जमला, आणि गाडी हलली.

मला भयंकर राग आला होता. परतताना मी माहेरी राहणार होते, ते सोडून गाडीत चढले, मागे, ह्यांच्या शेजारी. बाकीचे डोळे मिटून पडले होते, दीर पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता. मी हळू आवाजात विचारलं, काऊन केलं असं? कोनाले समजलं होतं?

हे म्हणाले, "त्याचा खुळखुळा चुकून राह्यला होता. त्याले येतच नाही तो. पुढं वाजवतानी मले तेवढंच ऐकू येऊन राह्यलं होतं."

मी म्हटलं, त्याने तुमच्यासाठी केलं होतं, आणि मी तुमच्यासाठी, आणि तुम्ही दोघांचंही मातीत घातलं. हे हो म्हणाले. नाही म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं.

थोड्या वेळाने ह्यांनीच सांगितलं, की दिरासाठी वेताची एक जोडी कर, मुठीला जरा जाड ठेव, त्याचा हात भारी आहे. मी म्हटलं, करते. मग न राहवून विचारलं, "अन् तुमच्या काड्या? त्याइचं काय करू?"

"ठिवून दे. मी घरी वाजवीन," हे म्हणाले. "तुले ऐकू आल्या म्हंजे झालं."

मी तोंड फिरवून देऊळघाट येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसले.